पहिल्या एटीपी पॉइंटच्या मागे निघताय? सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

मध्यंतरी कुमठा नाक्याच्या टेनिस कोर्टांवर एक गृहस्थ भेटले. मुलगा सतरा वर्षांचा, राज्यात बऱ्यापैकी नंबर. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "प्रो व्हायचं म्हणजे फॉर्म नेमका कुठं भरायचा?" मला हसू आलं, पण प्रश्न बरोबरच होता. २०२१ साली मलाही तोच प्रश्न पडला होता आणि आमच्या अख्ख्या ओळखीत त्याचं उत्तर माहीत असलेला एकही माणूस नव्हता.

मी साडेतीन वर्षं आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा खेळलो. एकूण पाच एटीपी पॉइंट मिळवले. एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना, तिचं जागतिक रँकिंग या पॉइंटांवर ठरतं. रँकिंग चार आकडीच राहिलं. तेव्हा पहिल्या शंभरात कसं जायचं हे माझ्याकडून शिकायला येऊ नका. हजाराच्या पलीकडे जी शेकडो पोरं पिशव्या घेऊन फिरतात, त्यांच्यात पाय कसा ठेवायचा आणि तिथं पैसे, वेळ आणि झोप कमीत कमी कशी वाया घालवायची, एवढं मात्र सांगू शकतो.

वडिलांचा, म्हणजे नानांचा, अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मी निघालो तेव्हा त्यांनी हातात एक लाल वही दिली आणि म्हणाले, "तोट्याला माझी हरकत नाही. आकडा मात्र सांगायचा." त्या वहीचा उल्लेख पुढं बऱ्याचदा येईल.

१. आधी शिडी नीट बघून घ्या

टीव्हीवर दिसतं ते सगळ्यात वरचं. ग्रँड स्लॅम, खाली एटीपीच्या स्पर्धा, त्याखाली चॅलेंजर, आणि सगळ्यात खाली आयटीएफ वर्ल्ड टेनिस टूर. तुमची सुरुवात इथून. पुरुषांसाठी एम-१५ आणि एम-२५, महिलांसाठी डब्ल्यू-१५ पासून डब्ल्यू-३५, ५०, ७५, १०० अशा चढत्या पायऱ्या. सोलापुरातही महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. तुमच्यापैकी काहींनी तिथं बॉल पकडायचं कामही केलं असेल.

एम-१५ चा हिशेब पाठच करा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर, तेही सिंगल्स-डबल्स मिळून सगळ्यांत वाटायचं. सिंगल्स जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर आणि १५ पॉइंट. मेन ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या, पहिल्या राउंडला हरणाऱ्याला १५६ डॉलर आणि शून्य पॉइंट. पहिला राउंड जिंकलात की एक पॉइंट. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे त्याआधीच्या पात्रता फेरीत, कितीही मॅच जिंका, मेन ड्रॉमध्ये जिंकल्याशिवाय एटीपीच्या यादीत तुमचं नाव येत नाही. आणि मिळालेला पॉइंट ५२ आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे तोच पॉइंट दरवर्षी पुन्हा मिळवायचा.

शिडी चढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) पुरुष किंवा महिला गटाच्या बक्षीस स्पर्धांत मी सातत्याने मेन ड्रॉमध्ये दोन-तीन मॅच जिंकतो का? उत्तर नाही असेल तर आणखी वर्षभर तिथंच खेळा. प्रवास देशातल्या देशात, खर्च बेताचा, आणि समोर तेच खेळाडू असतात जे पुढं आयटीएफच्या क्वालिफाइंगमध्ये भेटणार आहेत. मी हे वर्ष गाळलं. त्याची किंमत वहीत लिहिलेली आहे.

२. कागदपत्रांची फाइल

एक प्लास्टिकची फाइल करा आणि तिचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

- पासपोर्ट. सोलापुरात पोस्टातल्या केंद्रावर काम होतं. मुदत संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर आधी नूतनीकरण.
- जन्मदाखला, आधार, पॅन.
- एआयटीएचा नोंदणी क्रमांक. राज्य संघटनेची, म्हणजे एमएसएलटीएची नोंदणी वेगळी असते, ती ज्युनियर असतानाच झालेली असेल.
- आयपिन, म्हणजे आयटीएफचा खेळाडू क्रमांक. दरवर्षी फी भरून चालू ठेवावा लागतो.
- परदेशी व्यवहार सुरू असलेलं बँकेचं कार्ड.
- प्रवासातला वैद्यकीय विमा. पॉलिसीत व्यावसायिक खेळ वगळलेला नाही ना, हे वाचून घ्या. बहुतेक स्वस्त पॉलिसींत तो वगळलेला असतो.

इथला सापळा खास आपल्याकडचा. सोलापुरात अर्ध्या घरांत आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक, महापालिकेच्या दाखल्यावर दुसरं, आणि आधारवर तिसरं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे माझ्या आडनावात एक जास्तीचा 'ए' कधी असतो, कधी नसतो. पासपोर्टवर जे आहे तेच आयपिनवर, तेच विमानाच्या तिकिटावर आणि तेच बँक खात्यावर हवं. बक्षिसाचे पैसे खात्यात येताना एका अक्षरावरून माझे पाच आठवडे अडकले होते. हे काम घरी बसल्या, स्पर्धेची घाई नसताना उरकून टाका.

३. आयपिन काढताना

नोंदणी ऑनलाइन असते, अर्ध्या तासाचं काम. पण फी डॉलरमध्ये, आणि आपली साधी डेबिट कार्डं परदेशी व्यवहारासाठी बंदच असतात.

माझी पहिली एन्ट्री अशी गेली. गुरुवार होता. मुदत संध्याकाळी साडेसातची. सात वाजून दहा मिनिटांनी मी सात रस्त्याला मित्राच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसलो. कार्ड नाकारलं. नानांचं कार्ड लावलं, तेही नाकारलं. बँकेचं ॲप उघडून परदेशी व्यवहाराचं बटण शोधलं, ते चालू करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जायचा नानांच्या मोबाइलवर. नाना कारखान्यात, मागांच्या आवाजात फोन ऐकू येईना. सात अठ्ठावीसला त्यांनी उचलला, ओटीपी सांगितला, तो मुदतबाह्य. दुसरा आला तेव्हा सात एकतीस झाले होते. मित्र म्हणाला, "काय बे, रॅकेट न उचलताच हरलास की!"

तेव्हा: कार्ड महिनाभर आधी सुरू करून घ्या, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा ठेवा, आणि आयपिनची फी पहिल्या एन्ट्रीच्या किमान दोन आठवडे आधी भरा.

आयपिनबरोबर टेनिस सचोटीचा एक ऑनलाइन पाठही पूर्ण करावा लागतो. 'पुढे, पुढे' दाबत तो संपवू नका. कारण नवव्या मुद्द्यात येईलच.

४. गुरुवार आणि मंगळवार

नवख्यांचे सगळ्यात जास्त आठवडे इथं बुडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

एन्ट्रीची मुदत स्पर्धेच्या आठवड्याच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोनला संपते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. नाव मागे घ्यायची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळेला. समजा स्पर्धा २६ तारखेच्या सोमवारच्या आठवड्यात आहे. एन्ट्री ८ तारखेच्या गुरुवारपर्यंत, माघार १३ तारखेच्या मंगळवारपर्यंत. बरीच पोरं समजतात की आदल्या आठवड्यात नाव दिलं तरी चालतं. चालत नाही.

गुरुवारनंतर याद्या लागतात: मेन ड्रॉ, क्वालिफाइंग आणि त्याखाली अल्टरनेट, म्हणजे प्रतीक्षा यादी. रँकिंग नसलेल्यांना आयटीएफचा वर्ल्ड टेनिस नंबर उपयोगी पडतो. खेळाडूची पातळी दाखवणारा हा नंबर ४० पासून १ पर्यंत उतरत जातो, जितका लहान तितका चांगला. त्यामुळे तुमच्या मान्यताप्राप्त स्पर्धांचे निकाल त्यात नोंदले जातात की नाही हे अधूनमधून बघत जा.

एकाच आठवड्यासाठी एकापेक्षा जास्त स्पर्धांना प्राधान्यक्रम लावून नाव देता येतं. इथं हाव धरू नका. मी एकदा तीन देशांतल्या स्पर्धांना नाव टाकलं आणि पहिली पसंती दिली ती व्हिसा नसलेल्या देशाला, असंच, बघू तरी म्हणून. नेमकं तिथंच क्वालिफाइंगमध्ये नाव लागलं. मंगळवारी साडेसातच्या आत माघार घ्यायची लक्षात आली नाही, आणि उशिरा माघार घेतल्याचा दंड बसला. मोबाइलमध्ये दर मंगळवारी आणि गुरुवारी सहा वाजताचे दोन गजर लावून ठेवा, साडेसातचे नकोत.

अल्टरनेटमध्ये असाल तर घरबसल्या यादी वर सरकताना बघायचं. माझा ढोबळ अंदाज असा की भारतातल्या स्पर्धेत क्वालिफाइंगच्या यादीखाली दहाव्या-बाराव्या नंबरपर्यंत असाल तर बॅग भरून ठेवायला हरकत नाही. परदेशात असं रामभरोसे जाऊ नका.

आता रेल्वे. यादी पक्की होईपर्यंत गाडीत जागा उरलेली नसते. म्हणून आधीच तिकीट काढा आणि गरज पडली तर रद्द करा. रद्द करण्याचे पैसे वहीत 'एन्ट्रीचा खर्च' म्हणूनच धरा. मुंबईला विमान पकडायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर, पुण्याला सकाळची हुतात्मा. वंदे भारत चांगली आहे, पण रॅकेटची मोठी बॅग आणि सूटकेस एकत्र असली की वरच्या फळीवर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं.

५. वही

माझ्या वहीतलं एक पान उतरवून देतो. दक्षिणेतल्या एका शहरातली एम-१५, सात रात्री.

- रेल्वे, थ्री टायर एसी, जाऊन-येऊन: ३,४००
- हॉटेल, दोघांत एक खोली, माझा वाटा: ८,४००
- जेवणखाण: ४,६५०
- गटिंग (रॅकेटला गट, म्हणजे तार, ओवणं), सहा वेळा: ३,०००
- एन्ट्री फी: ३,३००
- रिक्षा, सरावाचे बॉल, किरकोळ: २,०००

नावे २४,७५०. त्या आठवड्यात मी क्वालिफाय झालो आणि मेन ड्रॉच्या पहिल्या राउंडला हरलो. जमा १५६ डॉलर, म्हणजे कर कापायच्या आधी १३,००० च्या आसपास. हा माझा चांगला आठवडा होता. क्वालिफाइंगलाच हरलो असतो तर जमेच्या बाजूला शून्य, कारण तिथं बक्षीस नसतं. यात कोच नाही, फिजिओ नाही, फाटलेले बूट नाहीत.

नानांनी हे पान वाचलं आणि फक्त एवढंच विचारलं, "असे किती आठवडे?" मी म्हणालो, वर्षाला वीस-पंचवीस. त्यांनी पेन्सिलने गुणाकार केला आणि पान मिटलं. तुम्हीही तो गुणाकार घरच्यांसमोर बसून, पहिल्या स्पर्धेच्या आधी करा. परदेशी आठवडा याच्या दुप्पट-अडीचपट धरा.

वरची मंडळी यातून सुटली असतील असं वाटत असेल तर सुमित नागलचं बघा. भारताचा पहिल्या क्रमांकाचा सिंगल्स खेळाडू असताना, सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं सांगितलं होतं की त्याच्या खात्यात ९०० युरो उरले आहेत. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं मानांकित बुब्लिकला हरवलं आणि पुढं पहिल्या शंभरात गेला. एटीपीनं २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली, पण ती पहिल्या अडीचशे खेळाडूंसाठी. तुम्ही-आम्ही त्या यादीपासून फार लांब आहोत.

पैसे मागायचे कसे, हेही सांगतो. "मुलगा टेनिस खेळतो, मदत करा" म्हटलं की लोक शाल-श्रीफळ देतात. सोलापुरात सत्काराला कधी कमी नसते. त्याऐवजी नेमकी मागणी करा: "मार्चमध्ये तीन आठवड्यांचा दौरा आहे, विमानाचं तिकीट अमुक रुपये, ते तुम्ही द्याल का? शर्टाच्या बाहीवर तुमच्या टॉवेलचं नाव लावतो." एका टॉवेलवाल्यानं मला असं तिकीट दिलं, वर दोन डझन टॉवेल दिले. नानांना ते स्पर्धकाचे टॉवेल घरात बघवत नव्हते, तो भाग वेगळा. बाहीवरच्या नावाच्या मापाचे नियम असतात, शिवून घेण्याआधी वाचा.

६. दौरा एकाच गावी

परदेशात अशी काही गावं आहेत जिथं एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडे आयटीएफ स्पर्धा चालतात. ट्युनिशियातलं मोनास्टिर, तुर्कीतलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल-शेख. पहिल्या दौऱ्याला अशाच एका गावी तीन आठवडे मुक्काम टाका. तिकीट एक, व्हिसा एक, आणि पहिल्या आठवड्यात हरलात तरी दुसऱ्या आठवड्यासाठी कोर्टाचा उसळा, वारा, जेवणाची वेळ सगळं ओळखीचं झालेलं असतं.

मोनास्टिरला हार्ड कोर्ट, अंताल्याला क्ले. आपली पोरं सोलापूर-पुण्यात हार्ड कोर्टवर वाढलेली. क्लेवर बॉल खांद्याच्या वर येतो आणि मॅच तीन तास चालते. मी पहिला दौरा क्लेवर केला, केवळ हॉटेल स्वस्त पडलं म्हणून. तीन आठवडे, तीन पराभव, आणि लाल मातीनं भरलेले मोजे.

व्हिसासाठी स्पर्धेच्या आयोजकांकडून पत्र मागता येतं. अनेकांना हे माहीतच नसतं. एन्ट्री यादीत नाव लागल्याचं पानही छापून जोडा. युरोपात जायचं असेल तर उन्हाळ्यात भेटीची वेळच महिना-दीड महिना मिळत नाही, म्हणून एन्ट्रीच्या आधी व्हिसा.

७. बॅगेत काय

एकाच वजनाच्या तीन रॅकेट. दोनवर निघू नका. गटचं २०० मीटरचं रीळ घ्या, एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागतं, म्हणजे सोळा वेळा गटिंग होतं. सुटी पाकिटं घेण्यापेक्षा फार स्वस्त. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा त्रेचाळीसला जातो, गाडीच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावर रॅकेट ठेवली तर ताण ढिला होणारच. बॅग मांडीवर.

खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी. यावर हसू नका. कडक भाकरी तीन आठवडे टिकते, आणि रात्री नऊला मॅच संपून हॉटेलचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं तेव्हा तिची किंमत कळते. अंताल्याला माझ्या खोलीत एक सर्बियन आणि एक ब्राझीलचा पोरगा रोज चटणीसाठी यायचे. त्यातल्या सर्बियनबरोबर पुढं मी डबल्स खेळलो.

८. स्पर्धेच्या गावी

शुक्रवारी पोहोचा. क्वालिफाइंग साधारण रविवारी सुरू होतं. शनिवारी सरावाचं कोर्ट मिळवणं हाच पहिला सामना असतो. बुकिंगची वही किंवा मोबाइलवरचा ग्रुप कुठं चालतो, हे पोहोचल्या पोहोचल्या विचारा. जोडीदार मिळत नसेल तर कोर्टाकाठी रॅकेट घेऊन उभं राहा आणि विचारा. लाजलात तर हॉटेलच्या भिंतीवर बॉल मारत बसाल.

क्वालिफाइंगमध्ये एक-एक सेट झाला की तिसरा सेट नसतो, दहा पॉइंटांचा मॅच टायब्रेक असतो. घरी त्याचा सराव करा, दमलेले असताना, मुद्दाम. माझ्या क्वालिफाइंगमधल्या पराभवांतले निम्म्याहून जास्त तिथले आहेत. दोन तास नीट खेळून शेवटच्या दहा मिनिटांत घालवलेले.

हरल्यावर काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. क्वालिफाइंगच्या शेवटच्या राउंडला हरलात तर तिकीट बदलायची घाई करू नका. मेन ड्रॉमधून कुणी ऐन वेळी बाहेर पडला तर हरलेल्यांपैकी एकाला जागा मिळते. त्याला लकी लूजर म्हणतात. त्यासाठी वेळेत सही करून हजर राहावं लागतं.

माझा पहिला पॉइंट असाच आला. सोमवारी संध्याकाळी मॅच टायब्रेकमध्ये ८-१० हरलो. बरोबरचे दोघं रात्रीच्या गाडीनं गेले. माझं तिकीट बुधवारचं होतं आणि बदलायला पैसे लागत होते, एवढ्याच कारणानं मी थांबलो. मंगळवारी सकाळी रेफरीकडं सही केली आणि बूट बांधून झाडाखाली बसलो. दहाला नाही, अकराला नाही. पावणेबाराला रेफरी बाहेर आला, नाव पुकारलं आणि म्हणाला, दहा मिनिटांत कोर्ट तीन. कुणाचीतरी पाठ धरली होती. समोरचा तोवर दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याचा विचार करत होता, आणि मी तर काहीच विचार करत नव्हतो. ७-५, ३-६, ७-६. नानांना फोन केला तर पलीकडून मागांचा खडखडाट, आणि त्यातून त्यांचा आवाज: "एक? एकच का?" मग थोडं थांबून, "बरं. वहीत लाल शाईनं लिही."

डबल्स खेळाच. जोडीदार आधीच ठरवा किंवा तिथं जमवा. बक्षीस थोडं, पण सिंगल्स हरल्यावर आठवडाभर सरावाचं कोर्ट मिळत राहतं. आणि वय झालं तरी डबल्सचं दार लवकर बंद होत नाही. रोहन बोपण्णा डबल्समध्ये जगात पहिला झाला तो ४३ व्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये.

९. मोबाइलमधला अनोळखी माणूस

एम-१५ च्या क्वालिफाइंगला चार प्रेक्षक असतात, त्यातले दोन कुणाचे तरी आई-वडील. तरीही मेन ड्रॉच्या सामन्यांवर जगात कुठं ना कुठं पैसे लागलेले असतात. पहिली मेन ड्रॉची मॅच हरलात की रात्री इन्स्टाग्रामवर अनोळखी लोकांच्या शिव्या येतील, आईवरून, घरावरून. उत्तर देऊ नका. संदेश विनंत्या बंद करा आणि झोपा.

शिव्यांपेक्षा गोड बोलणारा धोकादायक. मला एकदा निरोप आला: छान खेळतोस, खर्च भागतो का, एक सेट सोडायचे अमुक डॉलर. ती रक्कम माझ्या दोन दौऱ्यांएवढी होती. मी खोटं बोलणार नाही, दोन मिनिटं मी ती वाचत बसलो. मग स्क्रीनशॉट काढून आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेला, आयटीआयएला कळवलं. नियम असा आहे की नकार दिला तेवढ्यानं सुटका होत नाही, न कळवणं हाही गुन्हा आहे. टेनिसवर स्वतः पैसे लावणं, अगदी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्याच मॅचवर, तेही बंद. आणि "तुझ्या मित्राचा पाय दुखतोय का रे?" असं गप्पांत विचारणाऱ्या ओळखीच्या माणसालाही माहिती देऊ नका.

औषधांचंही तसंच. सर्दी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी घेऊ नका. बंदी असलेली द्रव्यं साध्या वाटणाऱ्या औषधांत असतात. जिममधल्या दादानं दिलेली पावडर तर अजिबात नको. दम्याचं किंवा तसं कायमचं औषध चालू असेल तर आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो.

१०. कराचे कागद

परदेशात बक्षिसातून कर कापूनच पैसे हातात येतात. स्पर्धा संपायच्या आत त्याचा दाखला मागा, नंतर ईमेलला कोणी उत्तर देत नाही. घरी आल्यावर सीएला वही आणि दाखले दोन्ही दाखवा.

११. बाजूच्या वाटा

अमेरिकन कॉलेजची शिष्यवृत्ती हा माझ्या मते आपल्या पोरांसाठी सगळ्यात चांगला पर्याय आहे, आणि तो दुय्यम समजला जातो याचा मला राग येतो. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, शिकली, परत येऊन टूरवर उतरली, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. चार वर्षं कोर्ट, कोच, जेवण आणि पदवी. त्यासाठी तयारी दहावीनंतर लगेच सुरू करावी लागते: मार्क, इंग्रजीची परीक्षा, मॅचचे व्हिडिओ, प्रशिक्षकांना ईमेल. या वाटेनं जायचं असेल तर बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याआधी त्यांचे नियम वाचा, नाहीतर १५६ डॉलरसाठी प्रकरण अंगाशी येईल.

जर्मनी, फ्रान्समध्ये क्लबांच्या संघांकडून लीग खेळून अनेक खालचे खेळाडू वर्षाचा खर्च काढतात. ओळखीनं काम होतं. माझं काम त्या चटणीवाल्या सर्बियनमुळं झालं, एका उन्हाळ्यापुरतं.

१२. थांबायची तारीख आधीच लिहा

वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा: कोणत्या तारखेपर्यंत आणि किती रुपयांपर्यंत. दोन्हींतलं जे आधी येईल तिथं घरच्यांबरोबर पुन्हा बसायचं. मी तारीख लिहिली होती, रक्कम लिहिली नव्हती. त्यामुळे शेवटचं वर्ष मी कर्जावर खेळलो, आणि त्या वर्षात एकही पॉइंट आला नाही. जुने गळत गेले आणि एका सोमवारी यादीत माझं नाव दिसलं नाही.

एक खर्च मात्र वहीत वसूल झाला. दुसऱ्या वर्षी पुण्यातून एक जुनं गटिंग मशीन घेतलं. स्पर्धेला नेता येईल असं, टेबलावर ठेवायचं. आधी स्वतःचेच पैसे वाचले, मग खोलीतल्या पोरांच्या रॅकेट येऊ लागल्या. आठवड्याला आठ-दहा केल्या की हॉटेलचा वाटा निघायचा. घेणार असाल तर ताण मोजून देणारं घ्या, पकड घसरत नाही ना हे विकणाऱ्यासमोर एक रॅकेट पूर्ण ओवून बघा, आणि विमानात न्यायचं असेल तर आधी वजन करा. माझं साडेबारा किलोचं आहे. ते आता घरी, नानांच्या जुन्या मागाशेजारी ठेवलंय.